आडवी बाटली

दिवाळीत पाहुण्याच्या पिशवीतून काय निघणार, हे तो कोणत्या गावाहून आला यावरून ओळखण्याची एक विद्या आहे. ती कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. पण घरातली पोरे ती आपोआप शिकतात. पाहुणा जळगावकडचा असला तर केळ्यांचे वेफर, सोलापूरकडचा असला तर शेंगांची चटणी, नाशिककडचा असला तर चिवडा आणि मनुका. पिशवी उघडण्यापूर्वीच मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो आणि सहसा चुकत नाही. गेल्या दिवाळीत मात्र चुकलो.

पाडव्याच्या दिवशी माझी धाकटी बहीण माहेरपणाला आली. बरोबर तिचा मुलगा होता. हा माझा भाचा दिंडोरीकडे द्राक्षाच्या एका मळ्यात नोकरीला आहे. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. गोडी छाटणी आटोपली तेव्हा कोठे त्याला तीन दिवसांची रजा मिळाली होती. त्याने पिशवीतून चिवडा काढला, मनुका काढल्या आणि मग इकडेतिकडे पाहून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली हळूच माझ्या हातात दिली.

"मामा, आमच्याकडची आहे. तांबडी वाइन. दोन द्राक्षांची मिसळलेली."

मी ती पटकन कागदात पुन्हा गुंडाळली. फुलंब्री हे अजिंठ्याच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथे मास्तराच्या घरात कोणती भाजी शिजली हे चौथ्या घराला कळते. मग बाटलीची गोष्ट तर बोलायलाच नको. शिवाय फराळाला येणाऱ्यांपैकी निम्मे माझे विद्यार्थी आणि उरलेले त्यांचे पालक. मी ती बाटली पुस्तकांच्या फळीवर, सहामाहीच्या न तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे उभी करून ठेवली. त्या गठ्ठ्याला दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासह कोणीही हात लावणार नाही, याची मला खात्री होती.

पण भाचा माझ्या मागेच उभा होता. "मामा, उभी नका ठेवू. हिला बूच आहे. आडवी ठेवा. आणि उन्हापासून दूर, थंडाव्याला."

घरात थंडावा एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे आईच्या कोठीच्या खोलीत. धान्याच्या कोठीमागे, गोणपाटावर, मी ती बाटली निजवली आणि वर एक फडके टाकले. लहान मूल निजवून बाहेर यावे तसा पाय न वाजवता मी बाहेर आलो.

भाऊबीजेच्या सकाळी आई जास्तीच्या पणत्या काढायला त्या खोलीत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पणत्या नव्हत्या.

"हितं आडवी बाटली कुणी ठिवली?" तिने विचारले.

कोणीच बोलले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. ओवाळणी झाली, जेवणे झाली, दुपारची झोप झाली. पण दिवसभर घरात असे काही होते की, मोठ्याने हसणारा मध्येच थांबे.

आडव्या बाटलीला आमच्या घरात इतके महत्त्व का, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या राज्यात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर त्याची एक रीत आहे. गावातल्या चौथा हिस्सा स्त्री मतदारांनी अर्ज द्यायचा. मग मतदान लागते. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसतात, दोन चित्रे असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडवीवर पडली पाहिजेत. जी बाई मतदानाला आलीच नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूची, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून अशा मतदानाच्या दिवशी गावोगावच्या बाया आजारी म्हातारीला खाटेसकट उचलून आणायलाही कमी करीत नाहीत. आमच्या मूळ गावी हे मतदान झाले तेव्हा आई येथून पहाटेच्या गाडीने गेली होती. तिचे नाव अजून त्या यादीत होते. खरे म्हणजे तिला त्या दुकानाशी काही कर्तव्य उरले नव्हते. ज्याच्यासाठी बाटली आडवी करायची, तो माणूस केव्हाच आडवा झाला होता. मी मॅट्रिकला असतानाच वडील गेले.

वडील वाईट नव्हते. दारू पिणाऱ्या माणसाच्या मुलाला हे वाक्य पहिल्याने म्हणावेसे वाटते आणि ते पुष्कळदा खरेही असते. ते मारीत नसत, शिव्या देत नसत. पण ते जेवत नसत. दिवेलागणीला दुकानाच्या कट्ट्यावर उभ्या उभ्या, मुठीतल्या चार फुटाण्यांवर त्यांचे पिणे होई आणि घरी येईतो पोटातली भूक मेलेली असे. आई त्यांचे ताट वाढून दुसऱ्या ताटाने झाकून ठेवी आणि स्वतः न जेवता बसून राही. ते येत, भिंतीशी बसत आणि "भूक न्हाई" म्हणून कलंडत. मग आई ते झाकलेले ताट तसेच उचलून नेई. तीही त्या रात्री जेवत असेल असे मला वाटत नाही. सकाळी आम्ही त्याच भाकरी दुधात कुस्करून खात असू. आमच्या घरात दारू आणि जेवण यांची कधी गाठ पडली नाही. एक आली की दुसरे उठून जाई.

आणि आता माझा भाचा, त्याच आजोबांचा नातू, मला सांगत होता की ही वाइन जेवणाबरोबरच घ्यायची असते. जेवण नसेल तर तिची निम्मी गंमत जाते.

त्या रात्री, सगळे पांगल्यावर, आई अंगणात बसलेल्या भाच्याजवळ गेली. मी ओट्यावर होतो.

"ती आडवी काऊन निजवली रं?"

"आज्जी, तिला आडवीच ठेवतात. बूच ओलं राहतं. बूच वाळलं की आकसतं, हवा आत जाते आणि वाइन आंबते."

"आंबती? आन् आधी काय असती?"

"आधी पण आंबलेलीच असते," भाचा हसला. "रस आंबला की वाइन. वाइन आणखी आंबली की शिरका."

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमी बी आडवीच केली व्हती."

भाच्याला त्या मतदानाची गोष्ट माहीत होती. त्याचे हसू गेले.

"पैसं कशाचं मिळतेत तुला? हिचंच ना?"

"द्राक्षाचे, आज्जी. मी मळ्यातच असतो." आणि मग, उगाच सबब नको म्हणून असेल, त्याने पुढे जोडले, "पण द्राक्ष हिच्याचसाठी लावलेलं आहे."

"खाली पोटी पितेत का हिला?"

"नाही, आज्जी. जेवणासंगं. घोट घोट. जेवण सरलं की ही पण सरली."

आई उठली आणि आत गेली. जाता जाता म्हणाली, "तुझा आज्जा कवा जेवलाच न्हाई."

मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. शाळामास्तराची झोप उडाली की तो कुशीवर वळण्याऐवजी इतिहासात शिरतो, तसा मीही शिरलो. वाइन ही आपल्याकडची नव्हे, साहेबाची, असे आपण सहज म्हणून जातो. पण आमच्याच मुलखाचे पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रव्यापाराची वही लिहून ठेवली आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तो वाइन नोंदवतो आणि तीतही इटलीची अधिक पसंत, असे सांगतो. त्याच भडोचला आमच्या पैठणहून आणि तेरहून गाड्या भरभरून माल जात होता, हेही त्यातच आहे. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या रांजणांची खापरे मिळाली. असल्या रांजणांतून तिकडची वाइन आणि तेल येत असे. जाणाऱ्या गाड्या येताना रिकाम्या येत नव्हत्या.

आणि अजिंठा तर आमच्या रस्त्यावरच! दरवर्षी मी मुलांची सहल घेऊन जातो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छतावर एक चित्र आहे. टोप्या घातलेली, परक्या पेहरावातली मंडळी पेयपान करीत बसली आहेत. दरवर्षी एक तरी पोरगा मान वर करून विचारतो, "गुरुजी, ते काय पितात?" आणि दरवर्षी मी सांगतो, "सरबत." इतिहासाच्या विषयात मी जाणूनबुजून शिकवलेले हे एकच खोटे.

द्राक्षाचेही तसेच. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. येथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा हाती येतात, अशी त्याने नोंद करून ठेवली आहे. द्राक्ष आपल्याकडे जुने. त्याची वाइन करून बाटलीत भरून विकणे मात्र नवे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशी पाठवली. १९९९ साली राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षापासून वाइन करणाऱ्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण काढले आणि दिंडोरीकडच्या माळावर काबर्ने, शिराझ अशी जिभेची परीक्षा पाहणारी नावे रुजली. खाली अकलूजकडेही फ्रातेल्ली नावाच्या वाइनरीत सांजोव्हेजे हे इटालियन द्राक्ष काबर्नेत मिसळून 'सेते' नावाची तांबडी वाइन करतात. सेते म्हणजे इटालियन भाषेत सात.

पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे, यावर राज्यभर काथ्याकूट झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. त्या वादात मी कोणाच्याच बाजूने नव्हतो. वाइन दारू नव्हे, असे म्हणणाऱ्याने बाटलीवरचा आकडा वाचावा. भाच्याने आणलेल्या बाटलीवर मद्यार्क साडेतेरा टक्के असे स्पष्ट छापलेले होते. ती हृदयाला चांगली असते म्हणणाऱ्यांनी हेही वाचावे की, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे सांगून टाकले आहे. मास्तराने खोटे सांगायचे ते अजिंठ्याच्या छताखाली एकदाच; दिवाळी अंकात नव्हे.

पण कोठीच्या त्याच खोलीत, फळीवर, आईची द्राक्षासवाची बाटली उभी होती. जेवणानंतर दोन चमचे, तितक्याच पाण्यात, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. त्यातही द्राक्षे, त्यातही आंबवणे. आंबवताना आपोआप तयार झालेला मद्यार्क त्यात असतो, असे लेबलावर बारीक अक्षरात छापलेलेही आहे. फरक कशाचा? मापाचा आणि वेळेचा. चमचा आणि जेवण, या दोन कुंपणांच्या आत ती बाटली इतकी वर्षे निमूट उभी होती. हे मी आईला सांगावे असे मनात आले. पण आपण आईला तर्कशास्त्र शिकवू नये, एवढे शहाणपण मला मॅट्रिकपुरत्या शिक्षणातही मिळालेले आहे.

सकाळी आईनेच निकाल दिला. आमच्याकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मटण असते. तिने मला पैसे दिले, मटण आणायला सांगितले आणि म्हणाली, "ती उघडायची तर आज उघडा. समद्यांच्या म्होरं. आन् आधी ताटं वाढायची, मंग बाटली."

मग भाच्याला स्फुरण चढले. त्याने स्वयंपाकघरात बसून जे व्याख्यान दिले त्यातले मला समजले ते असे. तांबड्या वाइनचा रंग रसातून येत नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो. सालीसकट आंबवले की साल रंग देते आणि तुरटपणा देते. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला चहा प्यायल्यावर जीभ आणि टाळा आखडतो, तोच हा तुरटपणा. काबर्ने द्राक्षात तो पुष्कळ. शिराझचा गुण वेगळा. तिला मिऱ्यासारखा वास येतो आणि तो नुसता भास नव्हे. मिऱ्यात ज्या द्रव्याचा वास असतो तेच द्रव्य शिराझच्या सालीत सापडते. काबर्नेने कणा द्यायचा, शिराझने मांस. दोन्ही मिसळली की वाइन अंगाने भरदार होते. भरदार म्हणजे काय, असे माझ्या बायकोने विचारले तेव्हा त्याने आपल्या मामीला समजेल असे उत्तर दिले: "ताक आणि म्हशीचं दूध, मामी. दोन्ही पातळच, पण तोंडात जड कोणतं?"

"आणि मटणच का?" तिने विचारले.

"तुरटपणाला चिकटायला काहीतरी लागतं. मटणातल्या रसाला आणि चरबीला तो चिकटतो. मग जिभेला सोडतो. म्हणून मटणासंगं वाइन मऊ लागते. फक्त मामी, तिखट जरा बेताचं. तिखटानं जीभ पेटलेली असली की मद्यार्क वर तेल ओततो."

येथे घरात दिवसातला पहिला खरा पेचप्रसंग उभा राहिला. माझ्या बायकोच्या रश्श्याचे तिखट हा आमच्या घराण्याचा अभिमान आहे आणि बाहेरच्या बाटलीसाठी तो सोडायला ती तयार नव्हती. तोड आईने काढली. हळद, मीठ आणि आले-लसूण लावून शिजवलेले अळणी मटण मसाल्यापूर्वी पोरांसाठी बाजूला काढतातच. त्यातलेच थोडे घेऊन सुके खोबरे आणि काळ्या मसाल्यावर परतावे, तिखट जेमतेम दाखवावे. रस्सा रश्श्याच्या जागी राहील. अशा रीतीने दोन भांडी चढली.

बाटली मी दुपारीच ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली होती. तांबडी वाइन घरातल्या हवेइतकीच उबदार प्यावी असे पुस्तकात म्हणतात. पण ती हवा युरोपातल्या घराची, सोळा-अठरा अंशांची. आमच्या दिवाळीतल्या दुपारी ती वाइन कढत झाली असती. उघडायला स्क्रू भाच्याने आणायचा विसरला होता. शेवटी सुताराचा लांब स्क्रू बुचात पिळून तो पकडीने ओढला. बूच निघताना जो आवाज झाला, तो मला फटाक्याहून मोठा वाटला. पुढचे दार उघडे ठेवण्याइतका धीर मला झाला नाही. ते मी लोटून घेतले. कडी मात्र लावली नाही. आईचे लक्ष होते.

ताटे आधी वाढली गेली. बाजरीची भाकरी, सुके मटण, रस्सा, कांदा, लिंबू. मग स्टीलच्या पेल्यांतून, तळ झाकेल एवढी, भाच्याने वाइन ओतली. त्याला, मला, बहिणीला आणि हो-ना करीत माझ्या बायकोला. मुलीला अर्थातच नाही. तिने नुसता वास घेतला. आईनेही पेला हातात घेऊन नाकाशी नेला आणि म्हणाली, "जांभळावानी वास हाय." मग तो माझ्यापुढे सरकवून ती आपल्या ताटावर बसली.

पहिला घोट मला आवडला नाही, हे कबूल केले पाहिजे. तुरट, आंबटसर, औषधासारखा. मग मी भाकरीबरोबर सुक्या मटणाचा घास घेतला, आणि पुन्हा एक घोट. आणि तो भाचा खोटे बोलत नव्हता. टाळ्याला धरलेली मूठ सुटावी तसा तुरटपणा सुटला. भाजलेल्या खोबऱ्याचा वास, काळ्या मसाल्यातली लवंग-मिरी आणि वाइनमधली मिरी एकमेकींच्या ओळखीच्या निघाल्या. रश्श्याच्या घासानंतर मात्र घोट घेतला तो घशातून निखारा उतरावा तसा. बायकोने ते पाहिले आणि कोणाचा विजय झाला हे न सांगता आणखी रस्सा वाढला.

जेवणानंतर भाच्याने फराळाचे डबे उघडून प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो. बेसनाच्या लाडवावर ही वाइन घेऊ नये. लाडवाच्या गोडापुढे ती कच्च्या कैरीसारखी आंबट होते. अनारशावर त्याहून वाईट. शंकरपाळ्यांचेही जमले नाही. चकलीशी तिचे बरे जुळते, आणि शेंगदाणे-खोबऱ्याच्या खारट चिवड्याशी तर अनपेक्षित चांगले, कारण तेथे मीठ आणि स्नेह दोन्ही आहेत. पुरणपोळीच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. काही गोष्टी प्रयोगासाठी नसतात. शाकाहारी घरांसाठी भाच्याने भरली वांगी सुचवली आहेत, शेंगदाण्याच्या कुटाची, तिखट बेताचे. आणि शहरात जो नान कलिया मिळतो, ज्याची कथा तुघलकाच्या फौजेपर्यंत नेऊन भिडवतात, त्याच्याशी हिची सोयरीक जमेल असे माझे स्वतःचे मत आहे. पण ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

हे सगळे चालले असताना मी आईकडे पाहत होतो. ती जेवत होती. सावकाश, नेहमीसारखी, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून. समोर बाटली होती, पेले होते, पिणारी माणसे होती. आणि एकही ताट झाकलेले नव्हते. भाच्याने दुसऱ्यांदा भाकरी मागितली तेव्हा तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि एकीऐवजी दोन वाढल्या. त्याने दोन्ही खाल्ल्या.

आम्ही चौघांनी मिळून बाटली संपवली नाही. तिसरा हिस्सा उरला. भाच्याने बूच उलटे करून घट्ट बसवले आणि बाटली फळीवर उभी केली.

"आता उभी?" आईने विचारले.

"आता उभीच, आज्जी. एकदा उघडली की आडवी करता येत नाही. सांडते."

आईने ताट उचलले. दाराशी थांबून ती म्हणाली, "म्हून तर उघडायच्या आधीच इचार करायचा असतोय."

भाचा दुसऱ्या दिवशी दिंडोरीला गेला. उरलेल्या वाइनला आमच्यापैकी कोणी हात लावला नाही. ती महिन्याभरात आंबून गेली आणि बायकोने कांद्यावर टाकून संपवली. यंदाच्या दिवाळीला तो पुन्हा येणार आहे. काय आणू, म्हणून त्याने फोनवर विचारले तेव्हा फोन आईच्या हातात होता. मला वाटले, ती चिवडा म्हणेल.

ती म्हणाली, "जे आणायचं ते आण. पर जेवायला वेळेवर ये."